सड्यावरचा दोन मिलिमीटरचा पाणभुंगेरा: नव्या जातीचं वर्णन कसं करायचं

पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, साचलेल्या एखाद्या डबक्यात चहाची गाळणी फिरवा, पाणभुंगेरे मिळणारच. कातळावरून झिरपणाऱ्या पाण्यातलं शेवाळ खरवडलं तर त्यांच्याहूनही बारीक, तिळाएवढे भुंगेरे सापडतात. यातला एखादा अजून शास्त्राच्या दप्तरी नोंदलाच गेला नसेल, ही शक्यता सह्याद्रीत तरी बरीच आहे. २०१८ साली पुण्याच्या संशोधकांनी प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या तज्ज्ञाबरोबर कोपेलाटस या एकाच प्रजातीतल्या तीन नव्या जाती महाराष्ट्रातून प्रसिद्ध केल्या. या लेखात स्पीशीजला जात आणि जीनसला प्रजाती म्हटलं आहे. वर्तमानपत्रांत सरसकट प्रजाती छापतात, तिकडे दुर्लक्ष करा.

किडा पकडायला एक दुपार पुरते. तो खरोखर नवा आहे हे दाखवायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि त्यातला बराच वेळ आधीच्या लोकांनी काय लिहून ठेवलं आहे ते धुंडाळण्यात जातो. म्हणून खाली पकडण्यावर थोडं आणि कागदपत्रांवर जास्त लिहिलं आहे.

परवानगी

हे काम पहिलं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. राखीव जंगलासाठी वनविभागाकडे अर्ज करा. सडा खासगी किंवा गावाच्या मालकीचा असेल तर मालकाला, ग्रामपंचायतीला आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी भेटा. परवानगीचा क्रमांक शोधनिबंधात छापावा लागतो आणि अलीकडे संपादक तो मागून घेतात. नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट धरावी लागते. पाकिटात घालून पोस्टानं पाठवून द्यायचे दिवस गेले. नव्या माणसाला सोपं पडेल असं सांगायचं तर, परदेशी तज्ज्ञाला नमुन्याऐवजी उत्तम फोटो पाठवा. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पकडायचं कसं

महागडं सामान लागत नाही. अर्ध्या मिलिमीटर छिद्राची जाळी, दोन-तीन मापांच्या गाळण्या, पांढरा ट्रे, मऊ ब्रश, चिमटा आणि झाकणाच्या छोट्या कुप्या एवढं पुरे. ओढ्याच्या काठची बारीक वाळू-खडी हातानं पाण्यात ढवळली की त्यात दडलेले भुंगेरे वर तरंगतात. हायड्रिना प्रजातीचे भुंगेरे तर पाण्याच्या पृष्ठभागाला खालून चिकटून, पोट वर करून चालत जातात. हे एकदा पाहिलं की ते ट्रेमध्ये शोधायला भिंग लागत नाही. ओल्या कातळावर मात्र गाळणी उपयोगाची नाही. तिथे गाळणी खाली धरून वरून ब्रशनं शेवाळ धुऊन काढायचं. पावसाच्या सुरुवातीच्या रात्री दिव्याखाली पांढरं कापड टांगलं तर उडणारे पाणभुंगेरे आपणहून येतात, पण ते कुठल्या डबक्यातून आले हे कळत नाही. त्यामुळे अधिवासाची माहिती हवी असेल तर पाण्यात उतरावंच लागतं.

एकच नमुना घेऊन येऊ नका. नर-मादी दोन्ही हवेत आणि एका जातीत आकार, रंग, ठिपके किती बदलतात हे दाखवता यावं इतके हवेत. तसंच, डबकं रिकामंही करू नका. काही नमुने ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा, डीएनएसाठी. तीव्र अल्कोहोलमध्ये किडा कडक होतो, सांधे तुटतात. म्हणून विच्छेदनासाठी काही ७० टक्क्यांत ठेवावेत. इथेनॉल उत्पादन शुल्काच्या नियमांखाली येतं, तेव्हा ते एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमार्फत मिळवणं सोयीचं.

आता चिठ्ठी. ती कुपीच्या आत जाते, बाहेर चिकटवायची नाही. पेन्सिलनं किंवा अल्कोहोलमध्ये न पसरणाऱ्या शाईनं लिहा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, गावापासूनचं अंतर आणि दिशा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास, पकडणाऱ्याचं नाव. अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार स्थळांपर्यंत दिलेत की जागा सुमारे ११ मीटरच्या आत येते, त्याहून जास्त आकडे फोन दाखवतो म्हणून उतरवण्यात अर्थ नाही. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, कारण ७ जून की ६ जुलै असा घोळ होत नाही. चिठ्ठी नसलेला किडा कितीही दुर्मीळ असला तरी वर्णनाच्या कामाचा नाही.

कुळ आणि प्रजाती

जिवंत असतानाच थोडं निरीक्षण केलं तर कुळ ओळखायला मदत होते. डायटिसिडी कुळातले भुंगेरे हवा घ्यायला शेपटीकडून वर येतात, तर हायड्रोफिलिडीवाले डोक्याकडून येतात आणि स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) पाण्याबाहेर काढून हवा आत ओढतात. एल्मिडी पोहतच नाहीत. लांब पाय आणि मोठ्या नख्यांनी ते वाहत्या पाण्यात दगड-लाकडाला घट्ट धरून चालतात, आणि अंगावरच्या दाट सूक्ष्म लवेत अडकलेला हवेचा पातळ थर त्यांना पाण्याखाली श्वास पुरवतो. हायड्रिनिडीचे भुंगेरे एक ते तीन मिलिमीटरचे. त्यांच्या स्पृशेच्या टोकाशी लव असलेल्या पाच खंडांचा गुच्छ असतो.

यापुढे स्टिरिओ मायक्रोस्कोप हवाच, किमान ४० पट मोठं दाखवणारा. प्रजातीपर्यंत जायला ओळख-तक्ते मिळतात. प्रजाती कळली की आपण किती खोल पाण्यात आहोत तेही कळतं. कोपेलाटसमध्ये चारशेहून जास्त जाती आहेत. हायड्रिना ही तर पाणभुंगेऱ्यांतली सर्वांत मोठी प्रजाती, तिच्या जाती नऊशेच्या घरात. सगळ्या जगाशी तुलना करायची नसते हे खरं. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जाती आधी घ्या, त्यातही आपला भुंगेरा ज्या गटात बसतो तेवढाच गट. कोपेलाटसमध्ये हे गट पंखकवचांवरच्या उभ्या रेघांच्या संख्येवरून पडतात. रेघा मोजताना प्रकाश तिरका पाडा, समोरून पाडलात तर उथळ रेघ दिसतच नाही.

नराचं जननांग

बाहेरून दोन जाती एकसारख्या दिसतात आणि आतून साफ वेगळ्या असतात. लहान पाणभुंगेऱ्यांत हे इतकं सर्रास आहे की एडीगस, म्हणजे नराचं जननांग, न पाहता केलेलं वर्णन आज कुणी छापणार नाही. हायड्रिनात हा अवयव अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. भीती वाटते, पण हात बसतो. पहिले प्रयोग सामान्य जातीच्या भरपूर मिळणाऱ्या भुंगेऱ्यांवर करावेत.

वाळलेला नमुना आधी गरम पाण्यात काही तास ठेवून मऊ करा. मग तो उताणा किंवा कुशीवर, पाण्याच्या थेंबात, डाव्या हातातल्या मऊ चिमट्यानं हलकेच धरा. उजव्या हातात टोक किंचित वाकवलेली अतिबारीक टाचणी घ्या. पोटाच्या शेवटच्या खंडाच्या फटीतून टाचणी आत सरकवायची, अवयवाच्या बुडाला अडकवायची आणि मागे ओढायची. ओढताना घाई झाली की बाजूचे दोन पॅरामिअर, म्हणजे अवयवाचे कडेचे नाजूक भाग, तुटतात, आणि नेमकी त्यांच्यावरची केसांची ठेवणच काही जातींत ओळखीची खूण असते. बाहेर आलेल्या तुकड्याला चिकटलेले स्नायू काढायला १० टक्के कॉस्टिक पोटॅशचं कोमट द्रावण वापरतात. इतक्या लहान अवयवाला ते काही मिनिटंच द्या आणि डोळा मायक्रोस्कोपवरून हलवू नका. जास्त राहिला तर तो पारदर्शक होऊन हातचा जातो. लॅक्टिक अॅसिड सावकाश काम करतं, नवख्यासाठी तेच बरं. नंतर पाण्यात धुऊन, खळगा असलेल्या काचपट्टीवर ग्लिसरिनमध्ये ठेवा.

ग्लिसरिनचा फायदा असा की अवयव हवा तसा फिरवता येतो. बाजूनं आणि खालून अशी दोन चित्रं तरी हवीत, आणि कोन जुन्या लेखातल्या चित्रांशी जुळला पाहिजे. पाच अंशांनी वळला तरी टोकाचा बाक वेगळा दिसतो आणि माणूस उगाच हरखून जातो. म्हणूनच एका नरावर थांबायचं नाही. दोन-चार नर, शक्य तर वेगवेगळ्या डबक्यांतले, तपासायचे. काम झालं की अवयव तो भुंगेरा ज्या टाचणीवरच्या कार्डाला चिकटवला आहे त्याच कार्डावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकात किंवा ग्लिसरिनच्या इवल्या कुपीत, त्याच टाचणीला. वेगळ्या डबीत ठेवलेला अवयव कुठल्या भुंगेऱ्याचा ते दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

माद्यांचाही एक घोळ असतो. डायटिसिडीत कित्येकदा मादीची पाठ नरापेक्षा खरखरीत, रेघारेघांची आणि मंद असते. एकाच डबक्यातल्या चकचकीत नराला आणि मंद मादीला दोन जाती समजणं सहज घडू शकतं. डीएनए इथे खरा कामाला येतो.

तो प्रकार थोडक्यात असा. भुंगेऱ्याचं अख्खं शरीर प्रोटिनेज-के हे प्रथिनं तोडणारं विकर घातलेल्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर ठेवतात, डीएनए द्रावणात उतरतो आणि बाहेरचं कवच शाबूत राहतं, नंतर ते कार्डावर लावता येतं. मग मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जेनबँकेत, म्हणजे डीएनएच्या खुल्या जागतिक संग्रहात, जमा करायचा. अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, असा काही कायदा नाही. फरक असेल आणि एडीगसही वेगळा असेल तर बाजू भक्कम होते. नुसत्या टक्क्यांवर नाव देणाऱ्यांचं मला पटत नाही.

जुनी नावं

आता खरी मेहनत. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १ जानेवारी १७५८ पासून सुरू होतो आणि आधी दिलेल्या नावाचा हक्क पहिला असतो. म्हणजे तुमचा भुंगेरा कुणी १८८२ साली एखाद्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पाठवलेल्या नमुन्यावरून आधीच वर्णन केला असेल, तर तुमचं नाव बाद. वर्णन वाईट आहे, चित्र नाही, नमुना बुरशीनं खाल्लाय, ही कारणं चालत नाहीत.

सुरुवात जागतिक सूचीपासून करा. डायटिसिडीची सूची इंटरनेटवर फुकट मिळते आणि ती वेळोवेळी अद्ययावत होते. तिच्यातून आपल्या प्रजातीतली भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार इथली सगळी नावं वहीत उतरवा, ज्यांना नंतर समानार्थी, म्हणजे एकाच जातीचं दुसरं नाव, ठरवलं तीसुद्धा, कारण त्यातलं एखादं पुन्हा जिवंत होऊ शकतं. मग प्रत्येक नावाचं मूळ वर्णन मिळवा. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर सापडतात. डेव्हिड शार्प यांनी १८८२ साली डायटिसिडीवर मोठं काम प्रसिद्ध केलं ते इंग्रजीत आहे. रेजिंबार यांनी १८९९ साली भारत-चीन-मलाया भागातल्या डायटिसिडीचा आढावा घेतला तो फ्रेंचमध्ये. हायड्रिनिडी आणि हायड्रोफिलिडीत दोर्शीमाँ हे नाव पदोपदी भेटतं. आपल्याकडे वझिरानी यांनी डायटिसिडीवर बरंच लिहिलं. अठराव्या शतकातल्या फाब्रिसियस या कीटकतज्ज्ञाच्या काळातली वर्णनं मात्र दोन-तीन ओळींच्या लॅटिनमध्ये असतात. काळा, गुळगुळीत, कडा तांबूस, संपलं.

अशा वर्णनावरून काहीच ठरत नाही. मग मूळ नमुना, म्हणजे टाइप, पाहावा लागतो. रेजिंबार यांचा संग्रह पॅरिसला, दोर्शीमाँ यांचा ब्रसेल्सला, शार्प यांचे नमुने लंडनला, आणि बरेचसे भारतीय नमुने कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत. प्रत्येक ठिकाणी जायला पैसे कुणाकडे असतात? संग्रहपालांना नीट पत्र लिहा. कुठल्या जातीचा, कुठल्या लेखातला टाइप, कुठल्या बाजूनं फोटो हवा, चिठ्ठ्यांचा फोटो हवा की नाही, हे नेमकं लिहिलं की बहुतेकदा मदत मिळते. ‘तुमच्याकडचे सगळे भारतीय भुंगेरे दाखवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही आणि येऊही नये.

वहीत एक तक्ता करा: एका बाजूला जवळच्या जाती, दुसरीकडे लक्षणं, आणि प्रत्येक चौकटीत ते लक्षण तुम्ही कशावरून भरलं ते. टाइप पाहून, फोटोवरून, की फक्त वर्णन वाचून. जिथे फक्त वर्णन आहे त्या चौकटी कच्च्या. नवी जात म्हणायचं की नाही, हे त्या कच्च्या चौकटी किती आहेत यावर ठरवावं. एखादी जवळची जात अजिबात पाहायला मिळाली नसेल तर लेख थांबवा, नाव नंतर देता येतं.

वर्णन लिहिताना

शोधनिबंधात दोन वेगळ्या गोष्टी लागतात. वर्णन म्हणजे भुंगेऱ्याचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं: लांबी, रुंदी, रंग, पृष्ठावरचे खड्डे, पाय, एडीगस. ओळखलक्षण म्हणजे शेजारच्या जातींपासून तो कशानं वेगळा, तेवढंच. नवखे या दोन्हींत तेच ते लिहितात. ‘तपकिरी, लंबगोल, १.८ मिमी’ हे अर्ध्या प्रजातीला लागू पडेल. त्याऐवजी असं हवं: ‘वक्षपृष्ठाच्या मागच्या कोनाशी खोलगट ठसा; एडीगसचं टोक बाजूनं पाहता हुकासारखं वळलेलं, जवळच्या जातीत ते सरळ आणि बोथट’. जवळच्या जातीचं नाव घ्या, मोघम ‘इतर जातींपेक्षा’ लिहू नका.

मापं घेताना एक बारकावा. हे भुंगेरे डोकं वक्षाखाली ओढून घेतात, कुणाचं डोकं बाहेर, कुणाचं आत. त्यामुळे डायटिसिडीत एकूण लांबीबरोबर डोकं सोडून लांबीही देतात आणि तुलनेला तीच भरवशाची असते. एका नमुन्याचं माप न देता किमान-कमाल द्या. फोटो वेगवेगळ्या फोकसचे काढून एकत्र जोडलेले हवेत आणि प्रत्येकावर मापपट्टी हवी. एडीगसचं रेखाचित्र फोटोपेक्षा अजूनही जास्त सांगतं.

एकच नमुना होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार, म्हणून निवडायचा. तो शक्यतो नर, धड, पाय-स्पृशा शाबूत आणि एडीगस काढलेला असावा. त्याला लाल चिठ्ठी लावायची रीत आहे. बाकीचे त्याच जातीचे नमुने पॅराटाइप, पण ज्याबद्दल किंचितही शंका आहे तो पॅराटाइपमध्ये घालू नका. होलोटाइपवरच्या चिठ्ठ्यांचा मजकूर शब्दशः, ओळी कुठे तुटतात ते तिरप्या रेघेनं दाखवून छापायचा, स्पेलिंग चुकलं असलं तरी तसंच.

नाव

सगळ्यांना उत्सुकता याची, आणि काम सर्वांत कमी. नाव रोमन लिपीत, त्या प्रजातीत आधी वापरलेलं नसावं. विशेषण असेल तर प्रजातीच्या लिंगाशी जुळतं: समजा ‘सह्याद्रिकस’ द्यायचं ठरलं, तर पुल्लिंगी कोपेलाटसला ते चालेल, स्त्रीलिंगी हायड्रिनाला ‘सह्याद्रिका’ करावं लागेल. ‘कोंकणेन्सिस’ मात्र दोघांनाही तसंच चालतं. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी ‘आय’, बाईच्या नावावरून ‘ए-ई’, अनेकांवरून ‘ओरम’. २००८ साली भारतातल्या एका भोवऱ्यासारख्या गरगर फिरणाऱ्या पाणभुंगेऱ्याला गायक रॉय ऑर्बिसन आणि त्यांची पत्नी बार्बरा यांच्यावरून ऑरेक्टोचिलस ऑर्बिसनोरम हे नाव मिळालं, ते दोघे म्हणून ओरम. २०१८ साली बोर्निओतल्या मालियाऊ खोऱ्यातल्या तीन मिलिमीटरच्या एल्मिडी भुंगेऱ्याला लिओनार्डो डिकॅप्रिओचं नाव मिळालं. तो शोधणाऱ्या मोहिमेत हौशी लोकही होते. स्वतःचं नाव देऊ नये. नियमात बंदी नाही, पण हसं होतं.

नाव छापून येईपर्यंत कुठेही बोलू नका. प्रबंधात, पोस्टरवर, वर्तमानपत्रात आलेल्या नावाला किंमत नसते आणि गोंधळ मात्र कायमचा राहतो.

छापणं आणि जमा करणं

झूटॅक्सा, झूकीज, कोइंबतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही ओळखीची नियतकालिकं. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांपासून लांब राहा. १९९९ नंतरच्या नावाला काही गोष्टी सक्तीच्या आहेत: ही नवी जात आहे असं स्पष्ट लिहिणं, होलोटाइप नेमका कुठला ते सांगणं आणि तो कुठल्या संग्रहात, कुठल्या गावी ठेवणार हे लिहिणं. लेख फक्त इंटरनेटवर निघणार असेल तर २०१२ पासून झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, आधी नोंदणी हवी आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला हवा. हे राहिलं तर नाव ग्राह्यच धरलं जात नाही, मागून सुधारताही येत नाही. पुन्हा छापावं लागतं.

भारतात सापडलेल्या नव्या जातीची खबर आणि तिचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहाला देणं जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमानं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी तो संग्रह म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जमा करताना पोचपावती आणि नोंदणी क्रमांक घ्या. तो क्रमांक लेखात जातो, म्हणून हे लेख छापायला जाण्याआधी उरका. पॅराटाइप एकाच कपाटात ठेवू नका, दोन-तीन संग्रहांत वाटा.

लेख निघाल्यावर त्याची प्रत ज्यांनी टाइपचे फोटो पाठवले त्या सगळ्या संग्रहपालांना पाठवा, जेनबँकेतल्या नोंदीवर नवं नाव चढवा आणि परवानगी देणाऱ्या वनविभागालाही एक प्रत द्या. पुढल्या पावसाळ्यात शेजारच्या सड्यावर परवानगी मागायला तुम्हीच जाणार आहात.